वेगाने धावायचे आहे? आधी जागेवर पाय उचलायला शिका

ऑगस्ट उजाडला की शाळांना तालुका क्रीडा स्पर्धांचे वेध लागतात, आणि माझ्या दवाखान्यातील बाकावर सर्दी-तापाच्या रुग्णांशेजारी लंगडत आलेली मुले दिसू लागतात. कुणाच्या मांडीत मागच्या बाजूने चमक भरलेली असते, कुणाची नडगी दुखते, कुणाची टाच. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की त्यात वीस-बावीस वर्षांच्या तरुणांची भर पडते. हकिगत बहुतेकांची सारखीच. महिनोन्‌महिने पायांना कसलीही सवय नाही आणि एके दिवशी एकदम शंभर मीटर जीव खाऊन पळाले.

"डॉक्टर, पळायला काय शिकायचं असतं? ते येतंच की!" असे पालक म्हणतात. मूल पळायला आपोआप शिकते हे खरे. पण गावातले प्रत्येक पोर विहिरीत हातपाय मारते म्हणून ते शर्यतीतले पोहणारे होत नाही. शंभर, दोनशे मीटर पूर्ण वेगाने धावणे हे तसेच एक तंत्र आहे. ते शिकवण्यासाठी जगभरचे प्रशिक्षक जे व्यायाम वापरतात, त्यातील बरेचसे एका जागी उभे राहून करायचे असतात. त्यांना ना धावपट्टी लागते, ना महागडे साहित्य. आरोग्याच्या सदरात हा विषय घेण्याचे कारण असे, की ज्या चुकांमुळे वेळ वाया जातो, त्यातल्या काही चुका स्नायूही फाडतात.

पाय नेमके काय करतो?

उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनला शंभर मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापले, तेव्हा त्याने अवघी ४१ पावले टाकली. ऐन वेगात असलेल्या अशा धावपटूचे पाऊल जमिनीवर एक दशांश सेकंदही टिकत नाही. पापणी लवायलाही साधारण तेवढा वेळ लागतो. तेवढ्या क्षणात त्या एका पायावर शरीराच्या वजनाच्या तीन ते पाचपट भार येतो. पन्नास किलो वजनाच्या मुलाच्या बाबतीत तीनपट धरले तरी ते दीडशे किलो होतात, म्हणजे धान्याची तीन पोती.

वेगाने धावणारा माणूस पाय भराभर हलवतो म्हणून पुढे जातो, अशी आपली समजूत असते. अमेरिकेतील पीटर वेयंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात वेगळेच दिसले. मागचा पाय उचलून पुढे आणायला वेगवान आणि मंद धावपटूंना पूर्ण वेगात जवळजवळ सारखाच वेळ लागतो. खरा फरक असतो तो जमिनीवर दिलेल्या जोरात. वेगवान धावपटू त्या इवल्याशा क्षणात जमीन अधिक जोराने दाबतो, आणि जमीन त्याला तितक्याच जोराने उसळवते.

म्हणजे शिकायचे ते एवढेच, की पाऊल योग्य जागी, योग्य स्थितीत आणि ठाम पडले पाहिजे. ते तसे पडायचे असेल तर त्याआधी गुडघा पुढे उचललेला, घोटा ताठ आणि कंबर उंच असावी लागते. शिकाऊ मुलांत तीन चुका हमखास आढळतात. पहिली चूक लांब ढांगेच्या नादात पाऊल शरीराच्या फार पुढे टाकण्याची. असे पाऊल ब्रेकसारखे काम करते. दुसरी म्हणजे हवेतल्या पायाची बोटे खाली लोंबकळत ठेवणे. त्यामुळे घोटा सैल राहतो आणि पाऊल थपकन आपटते. तिसरी म्हणजे कमरेत बसल्यासारखे धावणे. अशा वेळी गुडघा वर येतच नाही.

मांडीमागचा स्नायू का दुखावतो?

क्रिकेटच्या समालोचनात 'हॅमस्ट्रिंग' हा शब्द आपण नेहमी ऐकतो. बसताना जे हाड खाली टेकते, तेथून निघून गुडघ्याच्या खाली जोडलेला हा मांडीमागचा स्नायूंचा गट. धावताना पुढे झोकलेला पाय जमिनीवर टेकण्याच्या किंचित आधी नडगी वेगाने पुढे झेपावते. तिला आवरण्याचे काम या स्नायूंकडे असते. बैलगाडी उतारावर असताना गाडीवान कासरा खेचून धरतो, तसा हा प्रकार आहे. स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो. पूर्ण वेगात होणाऱ्या बहुतेक दुखापती याच क्षणी होतात, आणि बहुधा या गटातील बाहेरच्या बाजूच्या स्नायूला. पाऊल जितके पुढे फेकाल, तितका हा ताण वाढतो. ढांग सुधारणे हा मांडी वाचवण्याचाही उपाय आहे तो यामुळे.

जागेवरच का?

पूर्ण वेगात धावणाऱ्या मुलाला "गुडघा उचल, घोटा ताठ ठेव" असे ओरडून काही साधत नाही. एक दशांश सेकंदात मेंदू विचार करून आज्ञा देऊ शकत नाही. शरीराला सवय असावी लागते, आणि सवय संथपणे, तुकड्यातुकड्याने लागते. तबला शिकणारा आधी एकेक बोल बसवतो, मग लय वाढवतो.

पोलंडचे धावपटू आणि पुढे पोलंड व कॅनडाचे प्रशिक्षक झालेले गेरार्ड माख यांनी धावण्याच्या क्रियेचे असेच तुकडे पाडले आणि त्यांना ए, बी, सी अशी साधी नावे दिली. ए म्हणजे गुडघा उचलणे. बी म्हणजे उचललेला पाय पुढे उलगडून खाली व मागे ओढणे. सी म्हणजे मागे ढकलणे. प्रत्येक तुकडा आधी चालत, मग उडत, मग धावत करायचा. आज जवळपास प्रत्येक देशातील धावपटू हे व्यायाम करताना दिसतात.

आपल्याकडे याचा आणखी एक फायदा आहे. ऑगस्टमध्ये आपल्या मैदानांत घोटाभर चिखल असतो आणि स्पर्धा तर तोंडावर. हे व्यायाम शाळेच्या व्हरांड्यात, भिंतीला धरून, तीस मुले एका वेळी करू शकतात.

सहा व्यायाम

आधी दहा मिनिटे हलके पळून किंवा दोरीवरच्या सावकाश उड्या मारून अंग गरम करावे. घाम येऊ लागला की सुरुवात करावी.

१) ताठ उभे राहणे. हा व्यायाम वाटत नाही, पण पाया आहे. डोक्यावर कळशी असल्यासारखे ताठ उभे राहा. पोट किंचित आत, कंबर उंच, नजर समोर. आता चवड्यांवर या आणि दहापर्यंत मोजा. तोल गेला तर पुन्हा सुरुवात करा. पुढचे सर्व व्यायाम याच ताठपणात करायचे आहेत.

२) भिंतीचा व्यायाम. भिंतीपासून दोन-तीन फुटांवर उभे राहून दोन्ही तळवे खांद्याच्या उंचीवर भिंतीला टेकवा. डोक्यापासून टाचेपर्यंत शरीर भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखे सरळ तिरके हवे. एक गुडघा कमरेइतका उचला. पाऊल गुडघ्याच्या खाली आणि बोटे नडगीकडे ओढलेली ठेवा. पाच सेकंद थांबा आणि पाय बदला. हे जमले की एका टाळीला पाय झटकन बदला, मग सलग तीनदा, नंतर पाचदा. कंबर मागे पडू लागली की थांबा.

३) जागेवर ए. भिंत सोडून त्याच जागी कवायतीसारखे पाय उचला. गुडघा कमरेइतका वर येतो, टाच खालून नितंबाजवळ येते आणि पाऊल जिथून उचलले तिथेच, शरीराच्या खाली, चवड्यावर पडते. आधी सावकाश वीस पावले. मग प्रत्येक पावलाला छोटी उडी. शेवटी दहा सेकंद भराभर. विरुद्ध हात पुढे आला पाहिजे. गुडघा वर आणताना धड मागे झुकवण्याची चूक बहुतेक जण करतात. तसे होत असेल तर गुडघा थोडा कमी उचला, पण धड सरळ ठेवा.

४) एका पायाचे चक्र. खांबाला किंवा दाराच्या चौकटीला एका हाताने धरून आडवे उभे राहा. बाहेरच्या पायाने हवेत धावण्याचे एक चक्र पूर्ण करा. टाच नितंबाखाली, गुडघा पुढे वर, नडगी आपोआप उलगडते, आणि मग पाऊल खाली व मागे ओढून शरीराखाली जमिनीला पुसटसे घासते. सायकलचे पायडल फिरवताना पाय फिरतो तसेच, मात्र चक्राचा मोठा भाग शरीराच्या पुढच्या बाजूला असतो. नडगी मुद्दाम पुढे झटकू नये. मांडीमागच्या स्नायूला ते सोसत नाही. प्रत्येक पायाने आठ ते दहा वेळा.

५) घोट्याच्या उड्या. गुडघे जवळजवळ सरळ ठेवून दोन्ही पायांवर छोट्या, झटपट उड्या माराव्यात. टाच जमिनीला टेकू देऊ नये. जमीन तापलेल्या तव्यासारखी आहे असे मुलांना सांगितले की त्यांना बरोबर समजते. पोटरी आणि टाचेमागचा दोरीसारखा कंडरा यांना यातून स्प्रिंगप्रमाणे उसळायची सवय लागते. एका वेळी दहा ते पंधरा उड्या, दोन फेऱ्या. सिमेंटपेक्षा मातीची जमीन चांगली.

६) मांडीमागच्या स्नायूंचा व्यायाम. जाड घडी केलेल्या सतरंजीवर गुडघे टेकून ताठ उभे राहा. मागून सोबत्याने दोन्ही घोटे घट्ट दाबून धरावेत. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत शरीर एका रेषेत ठेवून शक्य तितके सावकाश पुढे झुका. सावरेनासे झाले की हात टेका आणि हातांनी ढकलून परत या. फुटबॉलपटूंवर झालेल्या अनेक अभ्यासांत या एका व्यायामामुळे मांडीमागच्या दुखापती सुमारे निम्म्याने घटल्याचे आढळले आहे. सुरुवात तीन-चार वेळांपासूनच करावी, आठवड्यातून दोनदा. पहिल्या आठवड्यात मांड्या भरून येतात, ते साहजिक आहे. स्पर्धेच्या आदल्या दोन-तीन दिवसांत हा व्यायाम करू नये. दहा-बारा वर्षांच्या मुलांना याची गरज नाही.

हा सगळा कार्यक्रम वीस ते पंचवीस मिनिटांत होतो. आठवड्यातून तीन दिवस पुरे.

शिकवणाऱ्यांसाठी चार गोष्टी

क्रीडाशिक्षकांना मी काय सांगावे? तरी दवाखान्यात येणारे पाय पाहून सुचलेले लिहितो. मुलाच्या समोर उभे राहून चूक दिसत नाही. बाजूला उभे राहावे, म्हणजे धड मागे जाते की नाही आणि पाऊल कुठे पडते हे कळते. एका वेळी एकच चूक सांगावी. "गुडघा, घोटा, हात, नजर" असे चारही एकदम सांगितले की मूल गोंधळते. आजकाल प्रत्येकाच्या मोबाइलवर संथ गतीचे चित्रण करता येते. दहा सेकंदांचे चित्रण मुलाला दाखवावे. पुष्कळदा त्याला आपली चूक आपल्याच डोळ्यांनी दिसते. आणि कानांचाही उपयोग करावा. चांगले पाऊल 'टप' वाजते, सैल पाऊल 'थप'.

सगळ्यात महत्त्वाचे, मुले दमली की हे व्यायाम थांबवावेत. हे अंगमेहनतीचे व्यायाम नव्हेत, सवयीचे आहेत. दमलेल्या पायांनी शंभर वेळा केलेली चूक शंभर पटीने पक्की होते. दहा सेकंद काम आणि मिनिटभर विश्रांती हे प्रमाण ठेवावे.

या व्यायामांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. जागेवर कितीही सुंदर पाय उचलले, तरी पूर्ण वेगातील धावण्याचा भार त्यातून येत नाही. त्यामुळे व्यायाम झाले की मोकळ्या जागेत वीस-तीस मीटरच्या चार-पाच धावा घ्याव्यात, आधी साठ-सत्तर टक्के जोराने आणि काही आठवड्यांनी पूर्ण. नुसती धाव किंवा नुसती कवायत, दोन्ही अपुरी.

एका तरुणाची गोष्ट

अलीकडच्या पोलीस भरतीत मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी १५ गुण शंभर मीटरला आहेत. ज्या घरात पगार येणारे कुणी नाही, तिथे या पंधरा गुणांचे मोल काय असते ते मी पाहिले आहे. जवळच्या एका गावचा तरुण, आई मजुरीला जाते. चाचणीच्या अठरा दिवस आधी सरावात त्याच्या मांडीत मागून चमक आली. कुणीतरी तेल लावून खसाखसा चोळून दिले, वर गरम विटेचा शेक दिला. सहाव्या दिवशी चालताना दुखेना, म्हणून त्याने पुन्हा पूर्ण जोराने धाव घेतली. चाळीस मीटरवर टक्‌ असा आवाज आला आणि तो खाली बसला. माझ्याकडे आला तेव्हा मांडीपासून गुडघ्यामागे सगळे काळेनिळे झाले होते. ती भरती गेली. आई काही बोलली नाही, नुसती पदराने त्याच्या पायावरची माती पुसत राहिली.

सोनोग्राफीत स्नायू अर्धवट फाटलेला दिसला. तो भरून यायला दोन महिन्यांहून अधिक लागले. त्यानंतर त्याच्या जुन्या शाळेतील शिक्षकांनी त्याला भिंतीच्या व्यायामापासून सुरुवात करून दिली. त्याची लांब फेकायची ढांग मोडायलाच तीन महिने गेले. पुढच्या भरतीत तो शंभर मीटर धावला, मांडीने दगा दिला नाही. लेखी परीक्षेचा निकाल मी हे लिहीत असताना लागायचा आहे.

मांडी दुखावली तर

धावणे तत्क्षणी थांबवावे. "थोडं पळून मोकळं कर" हा सल्ला ऐकू नये. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा लावावा. क्रेप बँडेज बांधावे, पाय उशीवर ठेवावा. पहिले दोन-तीन दिवस चोळणे आणि शेकणे पूर्ण बंद. आतमध्ये रक्तस्राव होत असतो, तो त्याने वाढतो. दुखणे मारण्याची गोळी किंवा इंजेक्शन घेऊन चाचणीला उतरणे हा तर स्वतःच्या पायाशी केलेला जुगार आहे.

टक्‌ असा आवाज आला, मोठा काळानिळा डाग उमटला किंवा चालता येईना, तर डॉक्टरांना लगेच दाखवावे. चौदा ते अठरा वयात बसण्याच्या हाडापाशी तीव्र दुखत असेल तर एक्स-रे अवश्य काढावा. या वयात स्नायू फाटण्याऐवजी हाडाचा तुकडाच निघून येऊ शकतो.

पुन्हा धावायचे केव्हा? दुखणे थांबले हा निकष नव्हे. चालणे, जिना, मग जागेवरचा ए, मग हलकी धाव, अशी पायरी पायरी दुखल्याशिवाय पार पडली आणि दोन्ही पायांचा जोर सारखा झाला की पूर्ण वेग. म्हणजे जे व्यायाम शिकण्यासाठी आहेत, तेच बरे होण्याची पायरी म्हणूनही उपयोगी पडतात.

वाढत्या वयातील टाचदुखी (साधारण आठ ते चौदा वर्षे) आणि गुडघ्याखालच्या उंचवट्याचे दुखणे (दहा ते पंधरा वर्षे) हे मात्र वेगळे आहे. तेथे हाडाचा वाढता भाग स्नायूंच्या ओढीने दुखतो. उड्या आणि धावणे काही आठवडे कमी केले की बहुतेक मुले बरी होतात. तेथे इंजेक्शन टोचून घेऊ नये.

वाचक विचारतात

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. पहिल्यांदा चांगली धावायची, हल्ली पन्नास मीटरवरच दम लागतो. पाळीच्या दिवसांत धावू द्यावे का?
उत्तर : तिला बरे वाटत असेल तर पाळीत धावायला काहीच हरकत नाही. दम लागण्याकडे मात्र लक्ष द्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. तिला "आळशी झाली" म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्यांनी काही आठवड्यांत फरक दिसतो.

प्रश्न : मुलांनी अनवाणी सराव करावा का? बूट परवडत नाहीत.
उत्तर : लेखात दिलेले जागेवरचे व्यायाम स्वच्छ, सपाट मातीवर किंवा व्हरांड्यात अनवाणी करता येतात. पाऊल कसे पडते ते उलट चांगले कळते. उड्यांची संख्या हळूहळू वाढवावी. डांबरी रस्त्यावर अनवाणी पळू नये. जमिनीवर काचा, खिळे, काटे नाहीत ना हे आधी पाहावे आणि मुलाला धनुर्वाताची लस वेळेवर दिली आहे की नाही याची खात्री करून घ्यावी.

प्रश्न : धावताना एकदा मुलाला चक्कर येऊन तो पडला. पाणी मारल्यावर बरा झाला. पुन्हा धावू द्यावे का?
उत्तर : तूर्त नको. धावत असताना शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, यातील एकही गोष्ट असेल तर हृदयाची तपासणी आणि ईसीजी झाल्याशिवाय मुलाला मैदानात उतरवू नका. शर्यत पुढच्या वर्षीही येते.